पप्पांच्या ढाबळीचं फ्लोअरिंग

आमच्या ग्रुपमध्ये सध्या सगळ्यांना घराचं याड लागलंय. शनिवारी कॉफीला भेटलो की पहिला विषय ईएमआय आणि दुसरा फ्लोअरिंग. व्हिट्रिफाइड घ्यायचं की वुडन, मॅट की ग्लॉसी, सासूबाईंच्या गुडघ्यांना काय चालेल... मी पडले फ्रीलान्सर. पेमेंट येतं तेव्हा येतं, त्यामुळे या चर्चेत कॅपुचिनोचा फेस चमच्याने खात मान डोलवणं एवढंच माझं काम. पण गेल्या महिन्यात मीपण ऐटीत सांगून टाकलं, "आमच्याकडेही फ्लोअरिंग चाललंय. नांदेडला."

सगळे एकदम इम्प्रेस. "किती स्क्वेअर फूट?"

"ऐंशी."

"एवढंसं? किचन आहे का?"

"नाही. कबुतरं आहेत."

पुढची पाच मिनिटं टेबलावर जे हसणं झालं ते सोडून द्या. विषय हसण्यासारखा नव्हता, हे मी तेव्हा सांगितलं नाही. आज सांगते.

आमच्या नांदेडच्या घराच्या गच्चीवर पप्पांची ढाबळ आहे. ढाबळ म्हणजे कबुतरांचं घर. शहरात वाढलेल्यांना हा शब्द माहीत नसतो म्हणून सांगितलं. पत्र्याचं छत, दोन बाजूंना जाळी, भिंतीला खोक्यांचे खण आणि आत चाळीस कबुतरं. त्यात उंच उडणारी गिरेबाज जास्त, शोभेचे लक्के चार आणि एक म्हातारी शिराजी, जिला आई 'तुमची थोरली' म्हणते. हा शौक आमच्याकडचा जुनाच. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हैदराबादची हवा इकडे यायचीच. आजही नांदेडच्या इतवाऱ्यात कबुतरांची बोलणी चालतात ती दखनी उर्दूत. पप्पा एरवी शुद्ध मराठी बोलतात, पण ढाबळीचं दार उघडलं की त्यांच्या तोंडून आपोआप 'आओ आओ' सुरू होतं.

दिवाळीला घरी गेले तर पप्पा खोकत होते. साधा खोकला नव्हता. जिना चढून आले की कोरडा, धापेसकट. संध्याकाळी अंग कोमट. रात्री बरं, सकाळी बरं, आणि दुपार कलली की पुन्हा तेच. आई म्हणाली, दोन महिने असंच चाललंय, फटाक्यांचा धूर म्हणून सोडून देतात. मग मी जर्नलिस्टगिरी केली. मास कॉमला शिकवलेल्या 'कोण, काय, कधी, कुठे'मधला 'कधी' कामाला आला. पप्पा रोज सकाळी ढाबळ झाडतात आणि ताप येतो दुपारी. मधे पाच-सहा तास.

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, स्कॅन करायला लावला आणि तिसराच प्रश्न विचारला, "घरी पक्षी आहेत का?"

या आजाराचं नाव लांबलचक आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतरं पाळणाऱ्यांत तो इतका दिसतो की इंग्रजीत त्याला थेट 'पिजन ब्रीडर्स लंग' म्हणतात. हे इन्फेक्शन नाही. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेत आणि पिसांवरच्या पावडरीत जी प्रथिनं असतात, त्यांच्यावर आपलंच शरीर चिडतं आणि फुप्फुसांना सूज येते. खोकला आणि ताप लगेच येत नाही, चार ते आठ तासांनी येतो, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फुप्फुसं चिवट होतात, आणि ती पुन्हा मऊ होत नाहीत. पप्पा म्हणाले, "तीस वर्षं पाळतोय, कधी काही झालं नाही." डॉक्टर म्हणाले, "तीस वर्षांचंच हे आहे."

त्यांचा सल्ला एका ओळीचा होता. पक्षी हलवा.

आता इथे मला दाद द्यावीशी वाटते ती पप्पांच्या ऐकण्याला. दवाखान्यातून गाडीत बसेपर्यंत त्या एका ओळीचं त्यांनी भाषांतर करून टाकलं होतं. "डॉक्टर काय म्हणाले? धुळीचा त्रास आहे म्हणाले. पक्ष्यांचा नाही, धुळीचा. म्हणजे खाली काय अंथरतो त्याचा प्रश्न आहे." आई मागच्या सीटवरून म्हणाली, "मी पण तिथेच होते." पण पप्पांनी रेडिओ लावला.

अशा रीतीने आमच्या घरात फ्लोअरिंग सुरू झालं.

तोपर्यंत पप्पा लाकडाचा भुसा टाकत. वखारीतून दर आठवड्याला एक पोतं. मी तो पहिल्यांदाच हातात घेऊन बघितला. करवतीचा भुसा, म्हणजे अगदी पीठ. मूठ सोडली की अर्धा खाली पडतो आणि अर्धा हवेत राहतो. त्यात चाळीस कबुतरं पंख फडफडवतात आणि त्यात माझे वडील खराटा मारतात! वर हा भुसा कशाचा होता, सागवानाचा की प्लायवूडचा, ते वखारवाल्यालाही माहीत नव्हतं. सागाची धूळ नाकाला आणि कातडीला मुळातच झोंबते, प्लायवूडमध्ये गोंदाची केमिकल्स. हे पोतं आम्ही पहिल्याच दिवशी बंद केलं. सुतार रंधा मारतो तेव्हा जे गुंडाळी झालेले पापुद्रे निघतात ते त्यापेक्षा लाख पटीने बरे, कारण ते उडत नाहीत. पण हल्ली फर्निचर रेडिमेड येतं, रंधा मारणारा सुतार शोधा म्हणजे कळेल.

वर्तमानपत्र अंथरण्याची आयडिया माझी होती. आमच्या धंद्याचा एवढा तरी उपयोग व्हावा... पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी लक्क्याचं शेपूट कापा म्हणाले. कागद गुळगुळीत असतो. पिल्लं त्यावर घसरतात, पाय दोन्हीकडे फाकतात आणि हाडं कोवळी असल्यामुळे तशीच राहतात. एक जोडी दोन अंडी घालते, साधारण अठरा दिवस नर-मादी आळीपाळीने ती उबवतात, पुढे दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं 'दूध' पिल्लांना भरवतात (हो, नरसुद्धा! तमाम नवरोबांनी नोंद घ्यावी), आणि एवढं सगळं करून पिल्लू निसरड्या कागदापायी अधू व्हायचं. म्हणून खणात कुंडीखालची मातीची थाळी ठेवतात आणि त्यात काड्या. काड्या कबुतरं स्वतःच निवडतात. आमच्या कबुतरांचा चॉइस आईचा खराटा. तो दर महिन्याला बारीक होत जातो.

मग वाळू. नांदेडकर माणसाला गोदावरीची वाळू म्हणजे घरची गोष्ट वाटते. चाळलेली, धुऊन वाळवलेली जाडसर वाळू दोन-तीन इंच टाकायची आणि रोज चाळणीने वरची विष्ठा उचलायची. उडत नाही, कुजत नाही, पक्षी त्यातले खडे टिपून पचनालाही वापरतात. ऐकायला एकदम परफेक्ट. दोन अडचणी. एक म्हणजे वजन. ऐंशी फुटांवर तीन इंच वाळू म्हणजे जवळपास एक टन होतं, आणि आमचा स्लॅब माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. दुसरी अडचण वाळूचा भाव. लिलाव, रॉयल्टी, रात्रीचे ट्रॅक्टर हा सगळा प्रकार तुम्ही पेपरात वाचताच. "कबुतरांसाठी वाळू पाहिजे," असं सांगितल्यावर तो माणूस जो हसला, तो आमच्या कॉफीच्या टेबलापेक्षाही मोठ्याने.

इतवाऱ्यात पप्पांचे एक जुने उस्ताद आहेत. ते म्हणाले, भाताचं तूस घ्या. आपल्याकडे भात फारसा नाही, पण धर्माबादच्या पलीकडे तेलंगण लागतं, निजामाबादकडे राइस मिलच राइस मिल. कोंबड्यांच्या शेडमध्ये हेच अंथरतात. हलकं, स्वस्त, सुटसुटीत. उस्तादांच्या ढाबळीत मी ते बघून आले. खरंच, पायाखाली कुरकुरतं पण करवतीच्या भुश्याइतकं उडत नाही. निघताना ते म्हणाले, "बेटा, नीचे क्या बिछाते वो बाद में देखो. पहले हवा देखो, हवा किधर से आती, किधर से जाती." ते बोलले तेव्हा मला ते उगाच फिल्मी वाटलं होतं.

सेकंड ओपिनियनसाठी मी लातूरला गेले. लातूरला माझा मामा. त्याचं गंजगोलाईपासून जवळच आडतीचं दुकान आहे आणि मागच्या गोदामावर ढाबळ. पप्पा आणि मामा यांच्यात कबुतरं हा एकमेव समान विषय, त्यामुळे भांडणही त्याच्यावरच. नांदेड-लातूर एसटी, लोहा, अहमदपूर, चाकूर करत. सगळ्या रस्त्याभर सोयाबीनच्या मळणीचे ढीग, आणि हवेत तेच भुसकट. मी खिडकी बंद केली आणि पहिल्यांदा लक्षात आलं, की आपण आता धूळ मोजायला लागलोय.

मामाचं फ्लोअरिंग म्हणजे गुळी. मळणी झाल्यावर सोयाबीनच्या शेंगांचं आणि काड्यांचं जे उरतं ते. "दाजीला सांग, पैसे देऊन भुसा कशाला आणायलाव? आमच्याकडं रस्त्यावर पडलंय." फुकट आहे, मऊ वाटतं, ओल शोषतं. पण हातात घेतलं तर शेंगांची टोकं टोचतात, आणि खाली मूठभर उकरून बघितलं तर करड्या रंगाची बुरशी. मामा म्हणाला, ते खालचं आहे, वरचं बघ. एकंदरीत पुरुषांचा हा दृष्टिकोन मला नांदेडमध्येही भेटला होता.

बाय द वे, याच आडतीत मला एक भारी गोष्ट कळली. आपण जिचं वरण खातो त्या तुरीला इंग्रजीत 'पिजन पी' म्हणतात, कारण तिकडे वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोसमध्ये लोक ती कबुतरांना घालत. लातूरच्या डाळ मिलवाल्यांना हे सांगून बघा, कसे बघतात ते.

आता मुद्द्याचं. मामाच्या ओळखीचे एक पशुवैद्य आहेत, उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकलेले. त्यांना मी सरळ विचारलं, सगळ्यात चांगलं अंथरूण कुठलं? ते म्हणाले, हा प्रश्नच अर्धा आहे. ढाबळ ओली ठेवली तर बुरशी, जंत, कॉक्सिडिया आणि अमोनियाचा वास. हे पक्ष्यांना मारतं. पूर्ण कोरडी ठेवली तर विष्ठेची पावडर होते. ती माणसाच्या छातीत जाते. पक्ष्याला कोरडं हवं, माणसाला जरासं ओलं. अंथरूण कुठलंही घ्या, ते या दोघांच्या मधे बसलं पाहिजे.

कोंबडीपालनातली मुठीची टेस्ट त्यांनी मला करून दाखवली. अंथरूण मुठीत घट्ट दाबायचं. मूठ उघडल्यावर बेसनाच्या लाडूसारखा गोळा तसाच राहिला, तर जास्त ओलं. काहीच न चिकटता सगळं सांडलं, तर जास्त कोरडं, म्हणजे धूळ. किंचित चिकटून मग हळूहळू सुटलं, तर बरोबर. आकड्यात सांगायचं तर वीस ते पंचवीस टक्के ओल. मामाच्या गुळीचा वरचा थर सांडला आणि खालचा लाडू झाला. एकाच ढाबळीत दोन्ही नापास!

डॉक्टर मंडळी सांगतात की विष्ठा झाडण्याआधी पाणी मारा, म्हणजे उडणार नाही. एकदम करेक्ट. पण हे लातूरमध्ये सांगताना जरा जपून. ज्या गावाला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर, तिथे कबुतरांची फरशी धुवायची म्हणणारा माणूस वेडा ठरतो. मामा सांगतो, त्या उन्हाळ्यात त्याने पक्ष्यांच्या प्यायच्या पाण्यासाठी स्वतःची आंघोळ दिवसाआड केली. मामी म्हणते, त्याला ते कारणच पाहिजे होतं. पण तेव्हापासून ढाबळ कोरडी ठेवायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याच्या छातीचं काय चाललंय ते त्याने तपासलेलंच नाही. पशुवैद्यांनी त्याला मार्ग सुचवला तो साधा. बादली नको, गुलाबाच्या झाडांना मारतो तो हातातला स्प्रे. झाडण्याआधी नुसतं धुकं. ऐंशी फुटांना अर्धा लिटर पुरे.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे पटापट मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. ढाबळीची जाळी इतकी बारीक हवी की बाहेरचा पक्षी आत येता कामा नये, आणि बाहेरून आणलेलं गुळी-तूस कावळे-चिमण्या बसतील असं उघड्यावर ठेवू नये. अंथरुणाबरोबर काय आत येतं हे कुणी बघतच नाही, असं त्यांचं म्हणणं.

नांदेडला परत आले तेव्हा पप्पा रिसर्च करून तयार होते. आईने मुंबईची बातमी काढली. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महापालिकेने कबुतरखाने बंद केले, दादरचा तर ताडपत्रीने झाकला, मोर्चे निघाले, प्रकरण हायकोर्टात गेलं. "एवढी मोठी मुंबई घाबरली," आई म्हणाली. यावर पप्पांनी अकबर काढला. अबुल फजलने 'ऐने अकबरी'त लिहिलंय म्हणे, बादशहाच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरं होती, त्यातली पाचशे खास, आणि या शौकाला त्याने शब्द वापरलाय 'इश्कबाजी'. "इश्क!" पप्पा म्हणाले, आणि खोकले. खोकला बराच वेळ थांबला नाही. आई पाणी आणायला गेली ती आतच थांबली.

त्या संध्याकाळी मी एकटीच गच्चीवर गेले. काचेच्या तावदानावर कबूतर आपटलं तर त्याचा पांढरा ठसा उमटतो, पंखांसकट, बघितलाय कधी? ती त्याच्या पिसांवरची पावडर. तूस टाका, वाळू टाका, संगमरवर टाका, ही पावडर खालून येतच नाही. ती पक्ष्याच्या अंगावरच असते. अंथरुणाने विष्ठेची धूळ कमी होईल, पण पावडर राहीलच. म्हणजे गाडीत पप्पांनी केलेलं भाषांतर चुकीचं होतं आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. मी खाली येऊन हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माहितेय गं." आणि मग म्हणाले, "पण काहीतरी करायलोय असं वाटलं पाहिजे ना."

मग आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडलं. खाली भुसा, तूस, गुळी काहीही नाही. उघडी शहाबादी फरशी, जरा उताराची. तिच्यावर सहा इंचांवर जाळीची फ्रेम, म्हणजे विष्ठा खाली पडते, पक्षी तिच्यात चालत नाहीत आणि पंखांच्या वाऱ्याने ती फारशी उडतही नाही. बसायला फळ्या, कारण सतत जाळीवर राहिलं तर पाय दुखावतात. पिल्लांच्या थाळ्यांत तेवढं उस्तादांचं तूस आणि वर खराट्याच्या काड्या. उस्तादांच्या सांगण्यावरून पूर्वेकडचा पत्रा काढून तिथेही बारीक जाळी बसवली. हवा आरपार जायला लागली, आणि दार उघडल्यावर नाकात येणारा तो झणका बंद झाला. त्यांचं म्हणणं फिल्मी नव्हतं. फरशी एक मुलगा येऊन साफ करतो. आधी स्प्रे, मग खुरपं, तोंडावर एन-९५. खराटा बंद. पप्पांना आत जायला मनाई. रुमाल बांधून जातो म्हणाले. रुमालातून ही धूळ आरामात जाते.

आणि चाळीसची दहा केली. हे सोपं नव्हतं. बारा उस्तादांनी नेली. अठरा मामाच्या वाट्याला आली. मामा वेताच्या टोपल्या घेऊन जीपने आला आणि म्हणाला, "दाजी, तुमचं दुखणं माझ्याकडं कशाला पाठवायलाव?" चेष्टेतच म्हणाला, पण त्याच आठवड्यात लातूरला जाऊन छातीचा फोटो काढून आला. तो क्लिअर निघाला. गुळी काढून टाकलीय, निदान फोनवर तरी तसं सांगतो. गिरेबाजांना टोपलीत भरताना पप्पा खालीच बसून होते. थोरली राहिली.

डॉक्टर अजून खूश नाहीत. दहा म्हणजे दहाच आहेत, शून्य नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी. त्यात डाग वाढलेले दिसले तर दहाही जातील, हे पप्पांनी कबूल केलंय, आईसमोर, माझ्यासमोर आणि मी रेकॉर्डर चालू ठेवून. दुपारचा ताप सध्या गेलाय. जिन्याचा खोकला अजून आहे, पण कमी. एवढंच.

परवा कॉफीला ग्रुपने विचारलं, फ्लोअरिंग झालं का? म्हटलं, झालं. जाळी आणि शहाबादी. एकाने फोटो मागितला तर मी खरंच दाखवला.

काल सकाळी घरी फोन केला. आई म्हणाली, "वर गेलेत." मी म्हटलं, आत जायचं नाही ठरलं होतं ना? "आत नाही, दारातच उभे आहेत, ज्वारी टाकायलेत. देऊ का?" तिने वर जाऊन फोन दिला. पप्पांचा आवाज दबका, कापसातून आल्यासारखा येत होता. म्हटलं चला, मास्क तरी लावलाय.